आठ दिवसांचं ऊन

सुनेत्रा आगाशे यांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या पुस्तकावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ओढू दिली नव्हती. वाचनालयात कुणी पानाचा कोपरा दुमडताना दिसला, की ग्रंथपालबाई काउंटरवरून उठून जात आणि त्याच्या हातातलं पुस्तक सरळ काढून घेत. मग तो शाळकरी पोरगा असो की निवृत्त कलेक्टर. अशा बाईंवर परदेशी जाऊन नऊ ग्रंथपालांना 'दुसऱ्याच्या लिहिलेल्यात बेलाशक हात घाला' हे शिकवायची पाळी आली, यातली गंमत त्यांनाही कळत होती. पुढे ती गंमत राहिली नाही.

झालं असं. समुद्रकाठच्या वाचनालयांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेचा माणूस २००६ साली रत्नागिरीत आला होता. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस सोसूनही इथली शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तकं धडधाकट कशी, याचं त्याला नवल वाटलं. बाईंनी त्याला कपाटातली वेखंडाची पुरचुंडी दाखवली, कडुनिंबाचा पाला दाखवला आणि पाऊस सरल्यावर पुस्तकांना गच्चीवर ऊन कसं दाखवतात ते सांगितलं. त्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं. सहा महिन्यांनी पत्र आलं, की जानेवारीत मोम्बासाला दोन आठवड्यांचं शिबिर आहे, हिंदी महासागराच्या काठचे नऊ ग्रंथपाल येतील, त्यांना घेऊन पुस्तकांच्या निगराणीची एक विकी उभी करायची आहे आणि ते काम तुम्ही करा.

विकी म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली सगळ्यांची मिळून एक वही. कुणीही पान उघडावं, माहीत असेल ते लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर बदलावं. जुनं लिहिलेलं मात्र नाहीसं होत नाही. 'इतिहास' नावाच्या कोपऱ्यात कुणी, कधी, काय बदललं आणि का, हे ओळीनं नोंदलेलं राहतं. बाईंनी हे सगळं वाचनालयातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, भारनियमनाच्या वेळा सांभाळत, तीन महिन्यांत हट्टानं शिकून घेतलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पासपोर्ट काढला आणि गेल्या.

मोम्बासाला पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मंडळी हुशार होती, टाइपिंग तर बाईंपेक्षा सरस करत होती, पण दुसऱ्याच्या ओळीला हात लावायला कुणी धजेना. ग्रंथपालाची जातच अशी. दाखल नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलंच तर लाल शाईची आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद आणि खाली सही. जन्मभर हे केलेल्या माणसांना सांगायचं, की आता खुशाल खोडा. बाईंनी युक्ती काढली. प्रत्येकानं आपल्याकडच्या वाळवीवर, बुरशीवर किंवा कसरीवर एक परिच्छेद लिहायचा, मग डावीकडच्या खुर्चीवर सरकून शेजाऱ्याचा परिच्छेद सुधारायचा. तासाभरानं पाहिलं तर नऊच्या नऊ परिच्छेद जसेच्या तसे, आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ, 'फार छान लिहिलं आहे'.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्याच पानावर मुद्दाम तीन चुका पेरल्या आणि सांगितलं, शोधा. आठ जणांनी शोधल्या, कागदावर लिहून बाईंच्या हातात आणून दिल्या. पान कुणी बदललं नाही. नववी रोझलिन, सेशेल्सची. उंच, कमी बोलणारी. तिनं तीन चुका पानावरच दुरुस्त केल्या आणि शिवाय चौथीही केली, जी बाईंनी पेरलेली नव्हती. बाई सगळ्यांदेखत हसल्या, 'शाबास, असं पाहिजे' म्हणाल्या. आतून मात्र त्यांना ते कुठंतरी टोचलं होतं.

शिबिर संपताना त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. बदल करा, पण 'बदलाचं कारण' ही चौकट कधी रिकामी सोडू नका. मग निरोप झाले. एका लहान बेटावरच्या वाचनालयातली झुहूरा नावाची मुलगी बाईंच्या गळ्यात पडून रडली. बाई रत्नागिरीला परतल्या त्या झुहूरानं दिलेली लवंगांची पुडी पिशवीत घेऊन.

वाचनालयात बाईंच्या टेबलापासून दोन हातांवर महरीन होडेकरचं टेबल होतं. सहायक ग्रंथपाल, वय सत्तावीस, गावातल्या राजिवडा मोहल्ल्यातली. बाईंचं अक्षर कागदावर आणि महरीनची बोटं कीबोर्डवर, अशी दोघींची वाटणी होती. एप्रिलमध्ये बाईंनी 'पावसाळा सरल्यावर' हे पान लिहिलं आणि महरीननं ते टाइप केलं. त्यात म्हटलं होतं, की पुस्तकं, वह्या, कागद, सगळं सलग आठ दिवस अकरा ते चार उन्हात उघडं ठेवावं, दर तासाला पानं उलटावीत, चिकटलेली पानं आपोआप सुटतात.

मे महिन्यात वाचनालयाचे कार्यवाह शेवडे वकील आणि समितीचे दोघे जण 'ती तुमची विकी काय आहे' ते बघायला आले. बाईंनी मोठ्या ऐटीत आपलं पान उघडलं, तर ते बदललेलं. 'उन्हात' काढून कुणीतरी 'सावलीत, वाऱ्यावर' केलं होतं आणि खाली एक ओळ जोडली होती, 'हाताने लिहिलेले काहीही कधीही उन्हात ठेवू नये'. बदल रोझलिनचा. कारण लिहिलं होतं, 'काही शाया उन्हाने उडतात'.

शेवडे वकील चष्मा सावरत म्हणाले, "हे काय, तुमचं लिहिलेलं कुणीही खोडतं की काय?"

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी 'पूर्ववत करा' हे बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'आमच्या वाचनालयात शंभर वर्षं असंच करतात.' पान होतं तसं झालं, समितीला बरं वाटलं आणि बाईंनाही बरं वाटलं. त्यानंतर रोझलिननं विकीवर एक शब्दही लिहिला नाही. बाकीचे आठ जण नवीन पानं लिहीत होते, पण बाईंच्या पानाच्या वाटेला कुणी गेलं नाही. बाईंनी ते पाहिलं होतं. तक्रार करावी असं त्यात त्यांना काही दिसलं नव्हतं.

जुलैत महरीननं एक गोष्ट मागितली. आपल्यासाठी तिनं बाईंकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून बाई हातातलं काम ठेवून ऐकत राहिल्या.

महरीनचे आजोबा जमाल, अख्ख्या मोहल्ल्याचे जमालचाचा, ब्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म गलबतांवर काढून शेवटी तांडेल, म्हणजे गलबताचे म्होरके, म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील अब्बास होडेकर १९२५ साली रत्नागिरी बंदरातून फतेमारी गलबतात बसून आफ्रिकेच्या बाजूला गेले, ते गेलेच. बायकोला तेव्हा तिसरा महिना होता. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे तिकडे दुसरा संसार मांडला. आणि काही जण तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, की असा कुणी नवरा नव्हताच. ती बाई, आमिना तिचं नाव, हे ऐकत म्हातारी झाली आणि ऐकतच गेली. निकाहाचा कागद पुरात वाहून गेला होता. जमालचाचांनी आयुष्यभर जिथं जिथं बंदर लागलं तिथं तिथं बापाचं नाव विचारलं. कुठं मिळालं नाही.

बाईंनी झुहूराला लिहिलं. झुहूराच्या वाचनालयात जुन्या मुसाफिरखान्याच्या वह्या होत्या. गलबतानं येणारे परके लोक तिथं उतरत आणि त्यांची नोंद होई. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. १९२५ची वही सापडली होती. एका पानाच्या वरच्या अंगाला जांभळ्या शाईत 'अब्बास, रत्नागिरी' असं स्पष्ट वाचता येत होतं. त्या वहीत प्रत्येक नावापुढे 'घरी कोण' असा एक रकाना होता, माणूस मेला तर कुणाला कळवायचं त्यासाठी. पण ओल लागून पान पुढच्या पानाला चिकटलं होतं आणि तो रकाना आत होता. झुहूरानं लिहिलं होतं, 'पानं सोडवते आणि फोटो पाठवते.'

'घरी कोण'. त्या रकान्यात आमिनाचं नाव असेल, तर ती अब्बासची बायको होती याचा लेखी पुरावा मिळणार होता. महरीननं हे घरी जाऊन सांगितलं तेव्हा जमालचाचा उठून अंगणात गेले. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी नातीला एकच विचारत, आलं का? ऑगस्ट गेला. रमजान लागला. रमजान लागला. चाचा रोजे धरत होते, डॉक्टर नको म्हणाले तरी.

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी झुहूराचं पत्र आलं. महरीन खाली मासिकांच्या काउंटरवर होती. बाईंनी पत्र उघडलं, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि खुर्ची पडद्याशी ओढली.

झुहूरानं बाईंचं पान छापून भिंतीवर लावलं होतं. त्याबरहुकूम तिनं वही वाचनालयाच्या गच्चीवर नेली. आठ दिवस, अकरा ते चार. रोजा असताना ती स्वतः शेजारी बसून दर तासाला पानं उलटत होती, वाऱ्यानं काही उडू नये म्हणून. पानं सुटली. एकही फाटलं नाही. पण रोज तिला शाई थोडी थोडी फिकी वाटत होती. उन्हानं आपले डोळे दिपतात, असं तिनं स्वतःला समजावलं. आठव्या दिवशी वही खाली आणली, तर पानं स्वच्छ होती. नाव गेलं होतं. रकाना गेला होता. तिच्यापाशी आधीचा फोटो नव्हता, कारण पानं सुटल्यावर एकदमच काढायचा तिचा विचार होता.

खाली तिनं आणखी लिहिलं होतं. 'मॅडम, मी इतिहासात पाहिलं होतं की रोझलिननं सावली म्हटलं आहे आणि तुम्ही ते काढलं. मी तुमचं ऐकलं. आता मला अब्बासच्या बायकोचं, त्या आजींचं, नाव कळवा. माझं अक्षर त्या वहीतल्या अक्षरासारखं वळवता येईल. मी रकान्यात ते लिहीन आणि फोटो पाठवीन. कुणाला कळणार नाही. म्हाताऱ्या माणसाला समाधान मिळेल.'

 बाईंनी विकी उघडली, 'पावसाळा सरल्यावर'चा इतिहास काढला. सगळं तिथं होतं. मे महिना, तारीख, रोझलिनचं नाव, त्याखाली त्यांचं स्वतःचं नाव आणि ती ओळ. शंभर वर्षं असंच करतात. आपलीच ओळ वाचून त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात महरीन वर आली. खुर्ची ओढताना तिनं सहज विचारलं, "बाई, झुहूराचं काही?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या.

खोटं बोलून झालं. महरीन कामाला लागली. बाईंना तिथं बसवेना, म्हणून त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. तिथं वाचनालयाचं जुनं दप्तर होतं, दर वर्षी गच्चीवर जाणारं. समितीच्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या त्यांनी एकेक काढल्या. बहुतेक काळ्या शाईतल्या, ठणठणीत. पण १९११ची एक वही होती, तिची मधली चाळीस पानं कोरी होती. बत्तीस वर्षं बाई ती वही हाताळत आल्या होत्या आणि त्या वर्षी सभा झाल्या नसतील, असंच समजत होत्या. त्यांच्या आधीचे ग्रंथपालही तेच समजत असणार. बाईंनी एक पान खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. टाकाच्या टोकानं कागदावर उठलेले बारीक चरे दिसले, ओळीच्या ओळी. पान भरलेलं होतं. कुणीतरी मन लावून सगळं लिहिलं होतं आणि वाचनालयानं दर ऑक्टोबरात ते प्रेमानं गच्चीवर नेऊन पुसून टाकलं होतं.

त्यांनी तातडीनं झुहूराला लिहिलं, की पान तिरपं धरून बघ, चरे दिसतात का. तासाभरात उत्तर आलं. त्या वहीत बोरूनं लिहीत. बोरू कागदावर चरे पाडत नाही. काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी शेवडे वकिलांना सांगितलं. वकील माणूस, त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की पुढच्या महिन्यात त्या संस्थेची माणसं येणार आहेत, पुढचं शिबिर इथं रत्नागिरीत घ्यायचं की नाही ते ठरवायला. ते पहिलं काय बघतील, तर विकी. मुख्य चावी तुमच्याकडे आहे, तर ते पान इतिहासासकट काढून टाका आणि त्याच नावाचं दुसरं करा, बिनचूक. आणि त्या आफ्रिकेच्या मुलीनं स्वतःहून सुचवलंय तर म्हाताऱ्याला नाव लिहून मागवा. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, कशाला त्याच्या जिवाला घोर.

वकिलांच्या मनात वाईट काही नव्हतं, हीच अडचण होती. बाईंना पान कसं पुसायचं ते ठाऊक होतं. नऊ जणांच्या वहीवर तेवढी सत्ता त्यांना एकटीला होती. दुपारी महरीन नमाजाला गेली तेव्हा त्यांनी पान उघडलं, बटणापर्यंत बाण नेला. 'हे पान त्याच्या इतिहासासह काढून टाकायचे आहे का?' असं पडद्यावर आलं. बाईंनी 'नाही' दाबलं. पण तो काही निश्चय नव्हता, त्यांना नुसती भीती वाटली. आपण काय करणार आहोत, ते अजून त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

वाचनालय सुटल्यावर त्या महरीनला म्हणाल्या, "मी तुझ्याबरोबर घरी येते. चाचांना भेटायचंय."

महरीननं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षाला हात केला. 

जमालचाचा ओटीवर बसले होते, रोजा सुटायला अजून दीड तास होता. बाई दिसताच त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. बाई नको नको म्हणाल्या, पण पाहुण्याला पाण्याविना ठेवतील तर ते जमालचाचा कसले. उपाशी माणसांच्या घरात एकट्या बाईंसमोर चहाचा कप आणि दोन नानकटाया आल्या. कप तसाच निवत राहिला.

बाईंनी सगळं सांगितलं. वही सापडली होती, नाव होतं, रकाना होता. तो गेला. माझ्यामुळे गेला. एका बाईनं आधीच बरोबर लिहिलं होतं, ते मी माझ्या तोऱ्यात काढून टाकलं. महरीन दारात उभी होती. काल आपण तिच्याशी खोटं बोललो हेही बाईंनी सांगितलं. 

 चाचा समोर बघत म्हणाले, "आधी दर्यानं नेलान. आता उन्हानं."

बाईंना रडू आलं. पदर तोंडाला लावून त्या तशाच बसून राहिल्या. मग त्यांना झुहूराचं बोलणं सांगणं भाग होतं. आईचं नाव कळवलं तर ती रकान्यात लिहून फोटो पाठवायला तयार आहे, अक्षर हुबेहूब वळवील. त्यांनी ते सांगितलं, कसलाही रंग न लावता.

म्हातारा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळला. डोळ्यांत राग होता, आणि बाईंना तो हवाच होता.

"बाय, माझ्या आयशीला लोक काय बोलत, ठावं हाय तुला? की हिनं नाव मागनं चिकटवलान. जन्मभर तेच ऐकलान तिनं. आता ती मेल्यावर मी तेच करू? मागनं चिकटवू?" त्यांना धाप लागली. "कोरा झालाय तर कोरा राहू दे. त्या पोरीला सांग, हात लावू नको म्हणावं."

बाईंनी मान हलवली. शेवडे वकिलांचं म्हणणं, ते बटण, पुढच्या महिन्यातली पाहुणेमंडळी, सगळ्याचा निकाल या ओटीवर लागला होता. त्यांना हलकं वगैरे काही वाटलं नाही. काय करायचं तेवढं कळलं.

त्या उठायला लागल्या तेव्हा चाचा पुन्हा बोलले, या खेपेला हळू. "पण एक मला कळत नाय. जांभळी शाई उन्हात उडते, हे आम्हा गलबतवाल्यांच्या पोरासोरांस ठावं. मालाची यादी जांभळ्या शाईत असायची, तांडेल ती ऊन लागू देत नसे. एप्रिलात ही तो तुमचा कागद घेऊन आली, मला वाचून दाखवलान, तेव्हाच मी हिला बोललो. बाईस सांग म्हटलं."

बाईंनी दाराकडे पाहिलं. महरीनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हटलं, बाईंना कसं सांगायचं," ती म्हणाली. एवढंच.

आत कुणीतरी भांडी मांडत होतं. देशोदेशींच्या नऊ ग्रंथपालांना एकमेकांची चूक दुरुस्त करायला शिकवायला बाई समुद्र ओलांडून गेल्या होत्या. दोन हातांवरच्या टेबलाशी बसणाऱ्या मुलीला मात्र 'बाई, हे चुकतंय' म्हणायची सोय त्यांनी कधी ठेवली नव्हती. पाच वर्षांच्या नोकरीत महरीन एकदाही त्यांच्याशी वाद घालून बोलली नव्हती, आणि मुलगी गुणाची आहे असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. तेही आठवलं. कप भरलेलाच ठेवून त्या बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेळेच्या आधी वाचनालयात आल्या. 'पावसाळा सरल्यावर' उघडलं आणि स्वतःच्या दोन बोटांनी, महरीनची वाट न बघता, पानाच्या माथ्यावर लिहिलं. या पानावर मी जे लिहिलं होतं ते चूक होतं. रोझलिन यांनी ते बरोबर केलं होतं. मी, सुनेत्रा आगाशे, ते कारण न तपासता काढून टाकलं. त्यामुळे एक १९२५ची वही कोरी झाली आहे, आणि आमच्या स्वतःच्या वाचनालयातलीही एक आम्ही अशीच कोरी केलेली आहे. खाली त्यांनी रोझलिनचं वाक्य जसंच्या तसं परत आणलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'चूक माझी.' मग रोझलिनला माफीचं पत्र लिहिलं. झुहूराला कळवलं, की चूक तुझी नाही, आणि रकाना कोराच ठेव.

शेवडे वकिलांना त्यांनी फोन करून सांगितलं.  बघा बुवा, म्हणून वकिलांनी फोन ठेवला.

महरीन आली, नेहमीसारखी 'बाई, येते' म्हणून आपल्या टेबलाशी बसली. दिवसभर दोघी कामापुरत्याच बोलल्या. दुपारी बाई तालुक्याच्या सभेला गेल्या आणि चारला परतल्या. कॉम्प्युटर महरीनच्याच बाजूला वळवलेला होता. बाईंनी तो आपल्याकडे ओढला. पान बदललेलं होतं.

त्यांच्या मजकुराखाली एक ओळ वाढली होती. 'हे पान टाइप करणाऱ्या महरीन होडेकर हिला जांभळी शाई उन्हात उडते हे एप्रिलपासून माहीत होते. तिने सांगितले नाही. वहीत नाव होते ते तिच्याच पणजोबांचे होते.' बाईंनी इतिहास उघडला. महरीनच्या नावापुढे, बदलाचं कारण म्हणून, लिहिलेलं होतं, 'बाईंनी अर्धंच लिहिलं होतं.'

बाईंचा हात आपोआप माऊसवर गेला. पोरीचं नाव कशाला यात, तिचं कोवळं वय, उद्या तिला हीच खुर्ची सांभाळायची आहे, जगभरचे लोक वाचतील. बाण 'पूर्ववत करा'वर जाऊन थांबला.

"बाई," महरीन पुस्तकावर शिक्का मारता मारता, मान वर न करता म्हणाली, "ते बरोबर आहे. तुम्ही काढायचं नाही."

पाच वर्षांत ती बाईंना पहिल्यांदा नाही म्हणाली होती. बाईंनी माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.